स्वस्त वायू, महाग हिशेब

माल खरेदी करताना व्यापारी दोन प्रश्न हमखास विचारतो. भाव काय आणि माल टिकेल किती? तिसरा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. हा माल दगा देईल तेव्हा नुकसान कोणाचे होईल? विकणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, की बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याच माणसाचे? एअरशिप नावाच्या प्रचंड वाहनाच्या धंद्यात हा तिसरा प्रश्न मागे पडला, आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने चुकवली.

वाचक बंधू म्हणतील, व्यापाराच्या पानावर एअरशिप कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. ज्या वायूने एअरशिप जाळल्या, तोच वायू आजही आपल्या उरुसात, जत्रेत आणि दुकानाच्या उद्घाटनाला फुग्यांत भरला जातो. फुगे विकणारे बहुतेक हातावर पोट असलेले आपलेच भाऊ आहेत, आणि फुगा हातात धरणारी मुले आपल्याच घरातील आहेत. म्हणून मोठ्या धंद्याचा इतिहास आधी पाहू, मग आपल्या दाराशी येऊ.

वजाबाकीचा व्यवहार

एअरशिप म्हणजे सिगारच्या आकाराचे, पोटात हलका वायू भरलेले जहाज. विमान पंखांच्या जोरावर उडते, एअरशिप तरंगते. यामागचा हिशेब साध्या वजाबाकीचा आहे. एक घनमीटर हवेचे वजन शून्य अंश तापमानाला सुमारे १.२९ किलो भरते. तेवढ्याच हायड्रोजनचे वजन ०.०९ किलो आणि हेलियमचे ०.१८ किलो. हवेच्या वजनातून वायूचे वजन वजा केले की जे उरते, तितका भार तो वायू उचलतो. म्हणजे हायड्रोजन सुमारे १.२० किलो आणि हेलियम सुमारे १.११ किलो.

हेलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड, म्हणून त्याची उचल निम्मी असेल असे वाटते. तसे नाही. हायड्रोजन जेथे १०० किलो उचलतो, तेथे हेलियम सुमारे ९३ किलो उचलतो. फरक फक्त सात टक्क्यांचा.

पण हे सात टक्के कोणाच्या खिशातून जातात, हे व्यापाऱ्याला लगेच समजेल. जहाजाचा सांगाडा, कापड, इंजिने यांचे वजन दोन्ही वायूंत तेवढेच राहते. तूट येते ती सगळी प्रवासी, माल आणि इंधन यांच्या वाट्याला, म्हणजे उलाढालीत नव्हे तर निव्वळ नफ्यात. दोन लाख घनमीटर वायूच्या जहाजात ही तूट १८ टनांची होते. हायड्रोजन कोठेही तयार करता येतो आणि स्वस्त पडतो. हेलियम जमिनीखालच्या काही ठराविक नैसर्गिक वायूंबरोबरच मिळतो आणि महाग पडतो. भावात आणि उचलीत, दोन्हीकडे हायड्रोजन सरस.

आता तिसरा प्रश्न. हायड्रोजन पेटतो, हेलियम पेटत नाही. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले, तरी ते मिश्रण आग धरते. त्याला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसणारही नाही. थंडीच्या कोरड्या दिवसांत टेरिलिनचा शर्ट काढताना अंगावर जी चटचट होते, तेवढी ठिणगी पुरे. शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ अदृश्य असते.

हेलियमची जन्मकथा

हेलियमचा पहिला पत्ता आपल्याच देशात लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या प्रकाशाचे निरीक्षण केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यप्रकाशातील एका पिवळ्या रेषेवरून नवे मूलद्रव्य असल्याचे सांगितले. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात, त्यावरून हेलियम हे नाव पडले. आपल्या कोकणातील विजयदुर्ग किल्ल्याशी या शोधाचे नाते जोडले जाते आणि १८ ऑगस्टला तेथे कार्यक्रमही होतात. लॉकियर स्वतः मात्र त्या वर्षी इंग्लंडातच होते. पृथ्वीवर हा वायू १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांच्या हाती लागला. पुढे अमेरिकेत कॅन्सस प्रांतातील विहिरीच्या वायूत तो सापडला आणि बराच काळ त्याचा साठा अमेरिकेच्याच मुठीत राहिला.

आर १०१ आणि कराचीचा काळा छपरा

इंग्रज सरकारला १९२० च्या दशकात साम्राज्याची टोके एअरशिपने जोडायची होती. लंडनजवळून निघून इजिप्तमधील इस्माइलिया येथे थांबा घ्यायचा आणि अखंड हिंदुस्थानातील कराचीला पोहोचायचे, असा बेत होता. त्यासाठी कराचीत प्रचंड शेड उभारली गेली. लोक तिला काला छपरा म्हणत. एअरशिप तेथे एकही आली नाही. शेड पुढे मोडीत निघाली, वस्तीला मात्र नाव चिकटून राहिले.

जी जहाज यायची होती तिचे नाव आर १०१. लांबी ७७७ फूट. उष्ण मुलखात पेट्रोलचा भडका उडेल या भीतीने तिला डिझेलची जड इंजिने बसवली होती. त्याच इंजिनांच्या डोक्यावर ५५ लाख घनफूट हायड्रोजन होता! जहाज वजनाने जड झाली, म्हणून मध्ये कापून एक नवा भाग जोडला आणि वायूच्या पिशव्या फुगवून मोठ्या केल्या. त्या आतल्या सांगाड्याला घासू लागल्या. तपासनीसाने ही गोष्ट वरिष्ठांना लिहून कळवली. उपाय म्हणून घासणाऱ्या जागी कापडाच्या गाद्या बांधण्यात आल्या.

हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांना हिंदुस्थानात जाऊन लंडनच्या साम्राज्य परिषदेसाठी वेळेत परत यायचे होते. तारीख आधी ठरली आणि चाचण्या तारखेत बसवल्या गेल्या. पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. उड्डाणाचा दाखला निघण्याच्या तोंडावर हातात पडला. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी आर १०१ निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोनच्या सुमारास फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ वादळी पावसात खाली आली. जमिनीवरची धडक फार जोराची नव्हती. माणसे मारली ती हायड्रोजनच्या आगीने. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात लॉर्ड थॉमसनही होते.

चौकशीचे प्रमुख होते सर जॉन सायमन. होय, तेच सायमन, ज्यांच्या कमिशनला १९२८ मध्ये देशभर काळे झेंडे दाखवले गेले आणि ज्यांच्यासाठी मुंबईच्या युसूफ मेहेरअली यांनी ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा दिली. पुढच्या भागातील पिशवीतून वायू गेला आणि जहाजेने नाक खाली घातले, असा चौकशीचा सूर होता. आमच्या दृष्टीने मुख्य गोष्ट ही की, दोष लपलेला नव्हता. कागदावर लिहिलेला होता. तरी दाखला मिळाला.

हिंडेनबर्ग : मोजून घेतलेला धोका

जर्मनांना हायड्रोजनचा दीर्घ अनुभव होता. त्यांच्या ग्राफ झेपेलिन या जहाजेने १९२८ ते १९३७ या काळात हायड्रोजनवरच दहा लाख मैलांहून अधिक प्रवास केला आणि एकाही प्रवाशाला इजा झाली नाही. यामागे कडक शिस्त होती. हिंडेनबर्गवर चढताना प्रवाशांच्या काड्यापेट्या काढून घेत. धूम्रपानाची खोली वेगळी होती, तिच्यात हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवलेला असे, म्हणजे वायू आत शिरू नये. साऱ्या खोलीत लायटर एकच.

हिंडेनबर्ग मुळात हेलियमसाठी आखली होती. पण अमेरिकेने कायद्याने हेलियमची निर्यात रोखली होती, म्हणून हायड्रोजन भरला गेला. त्यामुळे उचल वाढली. या वाढीव उचलीचा उपयोग काय केला? १९३६-३७ च्या हिवाळ्यात प्रवाशांच्या आणखी खोल्या बांधल्या. मघाचे सात टक्के असे नफ्यात जमा झाले.

६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे उतरताना हिंडेनबर्ग पेटली आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास जळून खाली आली. जहाजेवर ९७ माणसे होती, त्यांपैकी ३५ गेली आणि जमिनीवरचा एक कामगार गेला. नेमक्या कारणावर वाद आहे. वायू गळत होता, हवा वादळी होती आणि स्थिर विजेची ठिणगी पडली, हे स्पष्टीकरण सर्वात जास्त मानले जाते. शिस्त नऊ वर्षे पुरली, पण जो माल एकाही चुकीला माफी देत नाही, त्याच्यासाठी एक संध्याकाळ पुरेशी असते. जर्मनांनी पुढे हेलियम मागितला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर अमेरिकेने तो नाकारला आणि तो धंदाच बसला.

हेलियम घेतला म्हणजे सुटलो, असे नाही

अमेरिकेनेही आधी हायड्रोजन वापरला होता. २१ फेब्रुवारी १९२२ रोजी रोमा ही जहाज विजेच्या तारांवर पडून पेटली, ३४ माणसे गेली आणि अमेरिकन सैन्याने हायड्रोजन सोडला. पण अपघात थांबले नाहीत.

शेनंडोआ ही हेलियमवर चालणारी पहिली मोठी सांगाड्याची जहाज. हेलियम महाग, तो वाया जाऊ नये म्हणून वायू बाहेर सोडणाऱ्या आपोआप उघडणाऱ्या झडपांची संख्या कमी करण्यात आली. ३ सप्टेंबर १९२५ रोजी ओहायोवर वादळाने तिला वर ओढले आणि तिचे तुकडे झाले. १४ जण गेले, आणि या झडपांवरून पुढे बराच वाद झाला. ४ एप्रिल १९३३ रोजी अक्रॉन समुद्रात पडली. आग लागली नाही, तरी ७६ पैकी ७३ बुडाले किंवा थंडीने गारठून गेले, कारण जहाजेवर जीवरक्षक जाकिटे नव्हती. १९३५ मध्ये मेकॉन पडली तेव्हा जाकिटे आणि रबरी तराफे होते, आणि ८३ पैकी फक्त दोघे गेले. मधल्या दोन वर्षांत वायू बदलला नव्हता. बदलली होती तयारी.

म्हणून हेलियम आगीपासून वाचवतो, कंजूषपणापासून आणि घाईपासून वाचवत नाही.

कापडाच्या धंद्याची बाजू

आम्ही कापडाच्या व्यवसायातले, त्यामुळे या जहाजांच्या पोटातील कापडाकडे आमचे लक्ष आधी जाते. वायू कोणताही असो, त्याला धरून ठेवते ते कापड. १७८३ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल यांनी पहिला हायड्रोजनचा फुगा उडवला, तो रेशमाचा होता आणि त्यावर रबर विरघळवून लेप दिला होता. पुढे मोठ्या जहाजांच्या पिशव्यांना सुती कापडावर बैलाच्या आतड्याचे पातळ पडदे चिकटवीत. एका जहाजेला लाखो जनावरांची आतडी लागत. सोन्याचा आणि चांदीचा वरक कुटणाऱ्या कारागिरांना हा पडदा चांगला माहीत आहे. त्यांच्या कुटण्याच्या वहीत तोच असे. (खाण्याच्या वरकासाठी प्राणिज साधन वापरायला २०१६ च्या अन्न सुरक्षा नियमाने मनाई झाली आहे.) जो पडदा हातोड्याखाली फाटत नाही, तो वायूलाही सहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून युरोपच्या अभियंत्यांनी तोच उचलला.

आर १०१ च्या बाहेरच्या कापडाची गोष्ट तर प्रत्येक रंगाऱ्याने आणि प्रोसेसवाल्याने ध्यानात ठेवावी. कापड ताठ राहावे म्हणून त्याला रासायनिक लेप दिला होता. फाटक्या जागी रबराच्या सोल्युशनने ठिगळे लावली. ते सोल्युशन आणि मूळ लेप यांचे जमले नाही, आणि ठिगळाखालचे कापड कुजल्यासारखे झाले. दोन चांगले माल एकत्र आले की तिसरा चांगलाच होईल, याची हमी नसते. नमुना तपासल्याशिवाय तागा रंगवू नये, हे आपल्याकडील जुने शहाणपण आहे.

आपल्या दाराशी

आज जाहिरातीच्या आणि प्रवासाच्या ज्या थोड्या एअरशिप उडतात, जसे जर्मनीची झेपेलिन एनटी किंवा अमेरिकेतील गुडइयर कंपनीच्या, त्या हेलियम वापरतात. म्हणजे श्रीमंत कंपन्यांनी हायड्रोजन सोडला. तो राहिला आमच्या फुगेवाल्याकडे.

कारण भाव. भारतात हेलियम बाहेरून येतो. अमेरिका आणि कतार हे त्याचे मोठे उत्पादक. २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तेथील हेलियमचे कारखाने बंद पडले आणि जगभर टंचाई झाली. इस्पितळांतील एमआरआय यंत्रालाही हाच वायू द्रवरूपात लागतो, त्यामुळे मागणी मोठी आहे. वीस-तीस रुपयांचा फुगा विकणाऱ्याला हा भाव परवडत नाही. म्हणून तो जुन्या सिलिंडरमध्ये कॉस्टिक सोडा, अॅल्युमिनियमचा भंगार आणि पाणी घालून स्वतःच हायड्रोजन तयार करतो.

या प्रकारात तीन धोके एकत्र येतात. ही रासायनिक क्रिया उष्णता सोडते आणि सुरू झाली की हाताने थांबवता येत नाही. दाब किती चढला हे दाखवणारा काटा बहुधा नसतो. आणि मुळात दुसऱ्या कामासाठी केलेल्या सिलिंडरला कॉस्टिक आतून आणि गंज बाहेरून खात असतो. स्फोट व्हायला काडीचीही गरज पडत नाही. नुसत्या दाबानेही पत्रा फाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूर शहरात फुगे भरण्याच्या सिलिंडरचा स्फोट झाला. फुगेवाला जागीच गेला आणि भोवती जमलेली लहान मुले जखमी झाली. फुगेवाल्याभोवती मुलेच जमणार. नुकसान तिसऱ्याचे, ते असे.

दाबाखालच्या वायूंच्या सिलिंडरसाठी कायदा आहे. १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि ते पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण कायदा स्फोटानंतर येतो. आधी यायला हवी ती आपली समज.

एक गोष्ट आणखी. काही ठिकाणी हायड्रोजनचा फुगा ‘हेलियमचा’ म्हणून विकला जातो. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर न ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी खडसावले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेथे ओल होती, येथे आग आहे. मालाचा दोष सांगून विकणे हा आपल्या दीनचा भाग आहे, केवळ धंद्याची रीत नव्हे.

काय करता येईल?

दुकानदार बंधूंनी उद्घाटनाच्या सजावटीला साध्या हवेचे फुगे लावावेत. कमान तीच दिसते, खर्च कमी होतो. तरंगणारेच फुगे हवे असतील तर अधिकृत विक्रेत्याकडून हेलियम घ्यावा आणि बिलावर वायूचे नाव लिहून घ्यावे. वेल्डिंगच्या कामातील बंधूंना माहीत आहे की, पेटणाऱ्या वायूच्या सिलिंडरच्या आट्या उलट्या असतात. त्यावरूनही शंका आल्यास पडताळा घेता येतो.

हायड्रोजनचे फुगे बंद खोलीत, रिक्षात किंवा मोटारीत नेऊ नयेत. उरुसाच्या ठिकाणी चिराग, अगरबत्ती, ऊद-लोबान आणि विजेच्या माळा सगळीकडे असतात, तेथे असे फुगे येऊच देऊ नयेत. वाढदिवसाच्या मेणबत्तीजवळ तर मुळीच नको. हेलियम पेटत नाही म्हणून तो खेळणे ठरत नाही. आवाज बारीक करण्याच्या गमतीखातर तो छातीत ओढला तर प्राणवायू मिळत नाही, आणि सरळ सिलिंडरवरून ओढला तर दाबाने फुप्फुस फाटू शकते. सिलिंडर कोणताही असो, तो उभा, बांधलेला आणि उन्हापासून दूर असावा.

आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्या फुगेवाल्याचे काय? त्याला हाकलून देणे सोपे आहे, पण तो पुढच्या गल्लीत तेच सिलिंडर घेऊन उभा राहील. उरूस कमिटी, मोहल्ल्याची जमात आणि व्यापारी संघटना यांनी मिळून हेलियमचा एक सिलिंडर भाड्याने आणावा. फुगेवाल्यांना त्यातून मोजून वायू द्यावा, पैसे दिवसाच्या विक्रीतून घ्यावेत. ज्याला धंदा बदलून काठीवरचे हवेचे फुगे, भिंगऱ्या, खेळणी घ्यायची असतील, त्याला छोट्या रकमेचा कर्जे हसना द्यावा. बैतुलमालचा पैसा यापेक्षा चांगल्या कामाला क्वचितच लागेल. बदल्यात जुना सिलिंडर भंगारात जाईल, अशी अट घालावी. भंगारवाल्याने तो उघडा करून, निकामी करूनच पुढे द्यावा.

आर १०१ च्या बाबतीत तपासनीसाने लिहून कळवले, तरी तारीख पुढे ढकलली गेली नाही. आपल्या गल्लीत तपासनीस कोणी नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे. येत्या उरुसाची बैठक होईल तेव्हा मंडपाच्या, लायटिंगच्या आणि लंगरच्या हिशेबाबरोबर फुगेवाल्याच्या सिलिंडरचा विषयही वहीत लिहावा, एवढीच आमची व्यापारी बंधूंना विनंती आहे.